जुन्या इंग्लिश डेल्फ्ट टाइल्स: ओळखायच्या कशा, घ्यायच्या कशा, सांभाळायच्या कशा

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ज्याच्या गाठीला थोडेफार पैसे होते, त्याच्या घरात फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच इंचांच्या पांढऱ्या चौकोनी टाइल्स बसवलेल्या असत. पांढऱ्यावर निळ्या रंगात एखादा पूल, दोन झाडं, काठी टेकत चाललेला माणूस. काजळी ओल्या फडक्याने पुसता येई आणि आगीचा उजेड पांढऱ्यावरून परतून खोलीत पसरे. दुग्धालयांच्या भिंतींना, हात धुण्याच्या कोनाड्यांनाही अशाच टाइल्स लागत. कथिलाच्या पांढऱ्या झिलईच्या, म्हणजे वरून काचेसारखा थर चढवलेल्या, या मालाला हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरावरून डेल्फ्ट म्हणतात.

त्या आजही मिळतात. अडीचशे वर्षांपूर्वी हाताने रंगवलेली वस्तू दोन माणसांच्या हॉटेलच्या बिलात घरी आणता येते, असे छंद फार उरलेले नाहीत. यात फसगत होते ती नकली मालामुळे कमी आणि चुकीच्या नावामुळे जास्त. विकणारा जिला 'इंग्लिश, साधारण १७५०' म्हणतो ती टाइल पुष्कळदा डच निघते, कधी तर १९२५ची. म्हणून माझं एकच सांगणं आहे, बाकीचा लेख त्याचाच विस्तार: चित्र सगळ्यात शेवटी बघा. आधी कड, मग पाठ, मग झिलई.

बनवण्याची रीत माहीत असली की निम्मं काम झालं

कच्चा माल म्हणजे चुन्याचा अंश असलेली माती. कारखाने आसपासची माती घेत आणि तिच्यात बाहेरची मिसळत. आयर्लंडच्या कॅरिकफर्गसची माती त्यासाठी जहाजांनी येई. माती लाटून सपाट करायची, सुकत आली की मापाला कापायची आणि पहिल्या भट्टीत भाजायची. मग शिसं, वाळू आणि कथिलाचं ऑक्साइड असलेली, पाण्यात कालवलेली झिलई वर चढवायची. पाणी मातीत जिरतं, वर पांढऱ्या पुडीचा थर राहतो. रंगवणारा त्या कच्च्या पुडीवर कुंचला चालवतो. पूड रंग जागच्या जागी पिऊन टाकते, त्यामुळे खोडाखोड नाही आणि दुसरी संधी नाही. दुसऱ्या भट्टीत, साधारण हजार अंश सेल्सियसला, झिलई वितळते आणि रंग तिच्यात मुरतो. कथिलामुळे ती अपारदर्शक पांढरी होते, शिवाय दाट राहते. वाहत नाही म्हणून रेघ हलत नाही.

चित्राचा सांगाडा मुक्तहस्ते काढत नसत. कागदावरच्या चित्राला रेघेरेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद टाइलवर ठेवायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. आपल्याकडचे रांगोळीचे भोकांचे छापे असतात, त्यातलाच हा प्रकार. उमटलेल्या ठिपक्यांवरून रेघ ओढायची. कोळसा भट्टीत जळून जाई. म्हणून एकाच कागदावरून निघालेल्या दोन टाइल्सवरचा पूल तंतोतंत जुळतो आणि झाडं मात्र जुळत नाहीत. झाडांची पानं स्पंजच्या तुकड्याने ठिपक्या-ठिपक्यांनी उठवलेली असतात. ही स्पंजची झाडं इंग्लिश कामात फार दिसतात.

भट्टीचा ताप सोसणारे रंग मोजकेच होते: कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा आणि लोखंडाचा विटकरी. हाताने रंगवलेल्या टाइलवर गोड गुलाबी किंवा भडक लाल दिसला तर खिशातला हात खिशातच राहू द्या.

थोडा इतिहास, ओळखण्यापुरता

ही विद्या इंग्लंडची नव्हे. जॅस्पर आंद्रीस आणि जेकब जॅन्सन हे अँटवर्पचे दोन कुंभार १५६७मध्ये नॉर्विचला आले. १५७०मध्ये त्यांनी पहिल्या एलिझाबेथ राणीकडे लंडनला कारखाना काढू देण्याचा अर्ज केला आणि त्यानंतर ऑल्डगेटला काम सुरू झालं. पुढे कारखाने थेम्सच्या दक्षिण काठावर सदर्क, लँबेथ, व्हॉक्सहॉल इथे पसरले. १६७६मध्ये यान आरियन्स फान हामे या डच कुंभाराला 'हॉलंडच्या पद्धतीने' टाइल्स बनवण्याचं पेटंट मिळालं. खरी भरभराट अठराव्या शतकातली आणि ती तीन शहरांत: लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूल. शतकाच्या उत्तरार्धात वेजवूडसारख्या इंग्लिश कारखानदारांची पातळ, टणक, मलईच्या रंगाची भांडी आली आणि सहज टवके उडणाऱ्या या मालाची सद्दी संपली.

डच आणि इंग्लिश टाइल्स इतक्या सारख्या का दिसतात, याचं उत्तर यातच आहे. कारागीर तिकडून आले, नमुने तिकडून आले आणि तयार डच टाइल्सही जहाजं भरभरून येत राहिल्या. इंग्लंडमधल्या जुन्या घरातून निघालेली टाइल इंग्लिशच असेल, असं म्हणता येत नाही.

पैसे काढण्याआधी डोळा तयार करा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सर्वांत वरच्या मजल्यावर चिनी मातीची आणि मातीची भांडी कपाटांच्या रांगांत लावली आहेत. प्रवेश फुकट, गर्दी नाही. ब्रिस्टलच्या संग्रहालयात त्या शहराचा माल बघायला मिळतो. केंब्रिजला गेलात तर फिट्झविल्यम म्युझियम चुकवू नका; ट्रिनिटी कॉलेजचे गणिती जे. डब्ल्यू. एल. ग्लेशर यांनी जन्मभर जमवलेली भांडी १९२८मध्ये तिथे गेली. संख्यांच्या माणसाने मातीचा असा नाद करावा, याचं मला अजून नवल वाटतं.

भारतात बसून सुरुवात करायची असेल, तर या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठे फोटो आणि मापं दिलेली असतात. फोटोंवरून पाठ-कड कळत नाही, पण निळ्याच्या छटा, कोपऱ्यातल्या नक्ष्या आणि चौकटी डोळ्यांत बसतात. जुन्या लिलावांचे निकालही पुष्कळ ठिकाणी फुकट बघता येतात. महिनाभर नुसते बघा.

टाइल हातात आली की

सोबत चार गोष्टी असू द्या: मिलिमीटरची पट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च आणि एक यूव्ही टॉर्च. दुकानदाराला विचारून हात लावा. दोन्ही हातांनी, टेबलावर खाली मऊ काहीतरी ठेवून.

समजा हातात नेहमीची एक टाइल आहे: दुहेरी गोलात नदी, पूल आणि माणूस, चार कोपऱ्यांत छोटी नक्षी. तिचं तोंड खाली करा. चित्र विसरा.

आधी कड. माती फिकट पिवळसर, बदामी किंवा गुलाबीसर हवी. ती पांढरीशुभ्र, काचेसारखी घट्ट असेल तर ही वस्तू या घराण्यातली नाही. कड बहुतेकदा तिरकी असते, म्हणजे पाठ तोंडापेक्षा किंचित लहान, जेणेकरून भिंतीवर दोन टाइल्सची तोंडं एकमेकींना चिकटून बसावीत. कुठेतरी टवका उडालेला असेलच. तिथे भिंग लावा: मातीवर पांढरा पातळ पापुद्रा वेगळा दिसला पाहिजे. हीच कथिलाच्या झिलईची सही.

मग माप. चारही बाजू मोजा. इंग्लिश टाइल पाच इंचाच्या आसपास, म्हणजे १२५ ते १२८ मिलिमीटर. डच बहुधा १३० किंवा जरा जास्त. बाजू एकमेकींपेक्षा मिलिमीटरभर कमी-जास्त असतील तर उत्तम, कारण ती सुरीने कापलेली आहे. एक बाजू ठळकपणे लहान असेल आणि तिथली कड ताजी, खरखरीत दिसत असेल, तर कुणीतरी जागेत बसवायला टाइल छाटली आहे. किंमत लगेच उतरते. जाडी अठराव्या शतकात साधारण ६ ते ८ मिलिमीटर. सतराव्या शतकातल्या टाइल्स याहून जाड असतात.

पाठ. ती बिनझिलईची, खडबडीत, कुठे झिलईचा ओघळ, कुठे जुन्या चुन्याचे थर अशी असावी. अठराव्या शतकातल्या इंग्लिश टाइलच्या पाठीवर कारखान्याचं नाव नसतं. समांतर खाचा, जाळी, ठसवलेली अक्षरं दिसली की तारीख शंभर वर्षं पुढे सरकवा. १८४०मध्ये रिचर्ड प्रॉसरने कोरडी माती यंत्रात दाबून वस्तू बनवण्याचं पेटंट घेतलं आणि हर्बर्ट मिंटनने ती पद्धत टाइल्ससाठी उचलली. त्या टाइल्स काटेकोर चौरस, पुष्कळदा सहा इंची आणि पाठीला खाचा असलेल्या.

आता तोंड वर करा, पण अजूनही चित्राकडे नको. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. खरी जुनी झिलई सपाट नसते. तिच्यात हलके उंचवटे, सुईच्या टोकाएवढी छिद्रं, भट्टीतले काळे कण दिसतात. इंग्लिश झिलईला पुष्कळदा निळसर झाक असते. कोपऱ्यांजवळ झिलईत खिळ्याच्या टोकाएवढे खळगे आहेत का बघा. डच कारागीर टाइल कापताना वर खिळे मारलेली फळी ठेवत, त्याच्या त्या खुणा. इंग्लिश टाइलवर त्या क्वचितच सापडतात.

आणि मग चित्र. भिंगाखाली रंगाची रेघ झिलईत मुरलेली, कडेला किंचित विरघळलेली दिसते. जिथे कुंचला टेकला तिथे गडद, उचलला तिथे फिकट. रंग नुसता वर बसलेला वाटला, एकसारख्या बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला, तर तो अलीकडचा छाप.

डच की इंग्लिश?

एका खुणेवर निकाल देऊ नका. १२७ मिलिमीटर, खिळ्याच्या खुणा नाहीत, निळसर झिलई, स्पंजची झाडं. चारही जमलं तर इंग्लिश म्हणायला हरकत नाही. १३१ मिलिमीटर, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत खळगे, दुधी झिलई असेल तर डच. मधलं काही असेल तर 'बहुधा' लिहायला शिका.

कोपऱ्यातल्या नक्षीवर नवखे लोक फार भरवसा ठेवतात. बैलाचं डोकं, कोळी या किड्याची आकृती, कार्नेशनचं फूल अशी त्यांची नावं ठरलेली आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण इंग्लिश रंगाऱ्यांनी त्याच नक्ष्या उचलल्या, त्यामुळे नुसता कोपरा पुरावा होत नाही.

डच टाइल घेण्यात कमीपणाही नाही. ती सुंदर असते, जुनी असते आणि स्वस्त मिळते. फक्त डच टाइलला इंग्लिश टाइलचा भाव देऊ नका.

कोणतं शहर?

इथे विक्रेत्यांचा आत्मविश्वास पुराव्यापेक्षा मोठा असतो. शहर ठरवण्याचा खरा आधार म्हणजे कारखान्यांच्या जागी खोदताना सापडलेले फुटके, फसलेले तुकडे. साध्या निळ्या टाइलवर 'लंडन किंवा ब्रिस्टल' लिहिणारा विक्रेता मला 'ब्रिस्टल, १७५३' लिहिणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

काही बाबतीत मात्र बोट ठेवता येतं. झिलईला फिकट निळसर रंग देऊन तिच्यावर पांढऱ्यानेच काढलेली किनार, इटालियन नावाने 'बियांको सोप्रा बियांको', ही ब्रिस्टलची खासियत. टाइल थोडी तिरपी केल्याशिवाय ती नीट दिसतही नाही. फुलांच्या रंगीत टाइल्सवर निळ्यासोबत पिवळा, हिरवट आणि विटकरी असा मेळ असेल, तर तो लिव्हरपूलचा. त्याला फॅझकर्ली रंग म्हणतात, कारण १७५७ आणि १७५८ सालचे, त्या आडनावाच्या दोन व्यक्तींसाठी केलेले दोन मग याच रंगांत होते. जांभळ्या मँगनीजची पूड शिंपडून केलेली पार्श्वभूमी आणि मध्ये कागद ठेवून राखलेली पांढरी जागा, हा प्रकार मात्र लंडनलाही होई आणि ब्रिस्टललाही.

लिव्हरपूलची सगळ्यात मोठी गोष्ट छापील टाइल्सची. २७ जुलै १७५६ रोजी जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी सकाळी नऊ ते दुपारी तीन या सहा तासांत वेगवेगळ्या नमुन्यांच्या बाराशेहून जास्त टाइल्स छापल्या आणि पुढच्या आठवड्यात तसं शपथपत्र केलं. शंभर कुशल रंगाऱ्यांनाही तेवढ्या वेळात इतकं आणि इतकं नेटकं काम जमलं नसतं, असा त्यात दावा आहे. पेटंट त्यांनी घेतलं नाही, गुपित राखण्यावर भिस्त ठेवली. सुरुवातीचे छाप लाकडी ठशांचे, नंतरचे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर आणि कागदावरून टाइलवर उतरवलेले. सॅडलर १७७०मध्ये बाजूला झाला, ग्रीन एकटा चालवत राहिला. काही टाइल्सवर चित्राच्या तळाशी सॅडलरचं नाव बारीक अक्षरांत छापलेलं सापडतं. ग्रीनने १७७०च्या दशकाच्या अखेरीस त्या काळच्या रंगभूमीवरच्या नट-नट्यांची भूमिकेतली चित्रं छापली. संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात.

छापील टाइल तपासण्याचा नियम वेगळा. इथे छाप दुसऱ्या भट्टीतून निघालेल्या, तयार झिलईवर बसवून पुन्हा कमी आचेवर भाजलेला असतो, म्हणजे रंग झिलईच्या वर असतो. म्हणून तो झिजतो. टॉर्चच्या आडव्या उजेडात काळ्या रेघा मध्येच पुसट झालेल्या दिसतील. जुनेपणाचंच ते चिन्ह. चेहऱ्याची रेघ झिजलेली असेल तर भाव पडतो, आकाशातली झिजली तर चालतं.

शेवटची एक गफलत. विसाव्या शतकात, १९२०च्या दशकापासून, इंग्लंडमधल्या पूल (Poole) नावाच्या शहरातल्या कार्टर कंपनीने हाताने रंगवलेल्या कथिल-झिलईच्या टाइल्स पुन्हा काढल्या, त्यांत डच धाटणीचीही चित्रं होती. त्या छानच आहेत आणि त्यांचे वेगळे संग्राहक आहेत. यंत्रकामाची पाठ आणि सरळ कड यांवरून त्या लगेच कळतात, म्हणजे पाठ बघितली तर.

तडे, टवके आणि डागडुजी

या टाइल्स भिंतीतून छिन्नीने निघालेल्या असतात. कडेचे टवके नसलेली टाइल मिळाली तर आनंद माना, पण तिचा आग्रह धरू नका. कडेचे टवके मी मोजतही नाही. कोपरा गेला असेल तर भाव पाडून घ्यावा. मधून तडा गेलेली पण दुर्मीळ चित्राची टाइल मी बिनदिक्कत घेईन. नवख्याने अशाच टाइल्सवर शिकावं असं माझं मत आहे.

लपवलेली डागडुजी हा खरा शत्रू. तुटलेला कोपरा प्लास्टरने भरून वर रंग आणि व्हार्निश दिलं की फोटोत काही कळत नाही. अंधारात यूव्ही टॉर्च मारा: नवा रंग, डिंक, व्हार्निश मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. बोटाच्या पेराने स्पर्श करा. झिलई थंड आणि कठीण लागते, रंगवलेला भाग जरा उबदार, मऊ. निळ्याची रेघ एका जागी अचानक जाड किंवा निर्जीव झाली तर तिथेच बघा. दोन वेगवेगळ्या फुटक्या टाइल्सचे अर्धे जोडून केलेली 'अखंड' टाइलही कधी समोर येते. पाठीवरच्या मातीचा रंग दोन्ही अर्ध्यांवर सारखा आहे का, एवढं बघणं पुरतं.

खरेदी

साधी निळी निसर्गचित्रं सगळ्यात स्वस्त, त्यातही टवके उडालेली. माणसं, जहाजं, प्राणी-पक्षी वर. जांभळ्या आणि रंगीत टाइल्स त्याहून वर. सॅडलर-ग्रीनच्या छापील आणि त्यातही रंगभूमीच्या टाइल्स सगळ्यांवर. बायबलमधल्या प्रसंगांच्या टाइल्स पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यात निवड करता येते.

लिलावात चार-सहा टाइल्सचा गठ्ठा स्वस्त पडतो, पण हिशेब आधी कागदावर मांडा. चार टाइल्सवर हातोडा ६० पाउंडांना पडला. लिलावघराचं कमिशन २५ टक्के धरलं तर १५ पाउंड, त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट म्हणजे ३ पाउंड. झाले ७८, म्हणजे टाइलमागे साडेएकोणीस. पाठवणीचा खर्च वेगळा. काही ठिकाणी कमिशन यापेक्षाही जास्त असतं आणि ऑनलाइन बोलीवर आणखी काही टक्के लागतात. बोली लावण्याआधी लिलावघराकडून स्थितीचा अहवाल आणि पाठीचा फोटो मागवा. पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी काही घेत नाही.

जाणकार, या एकाच मालाचा व्यवहार करणाऱ्या दुकानदाराकडे भाव चढा असतो, पण बिलावर 'लिव्हरपूल, साधारण १७६०–७०, एका कोपऱ्याची डागडुजी' असं लिहून मिळतं. पहिल्या दोन-तीन टाइल्स अशाच माणसाकडून घ्या. त्या पुढे तुमच्या मापकाठ्या होतील.

टाइल्स कुठून आल्या, हे विचाराच. ब्रिटनमध्ये संरक्षित यादीतल्या घरातली फायरप्लेस परवानगीशिवाय उखडणं हा गुन्हा आहे. ताज्या छिन्नीच्या खुणा, ओला चुना आणि एकाच फायरप्लेसचा पूर्ण संच समोर आला, तर कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. थेम्सच्या ओहोटीत किनाऱ्यावर डेल्फ्टचे तुकडे दिसतात, तेही उचलू नका: तिथे शोधायला लंडन बंदराच्या प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि ब्रिटनच्या भूमीत सापडलेली पुरावस्तू देशाबाहेर न्यायला, किंमत कितीही कमी असली तरी, वेगळा निर्यात परवाना लागतो.

घरी आणल्यावर: साफसफाई

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, म्हणून सावकाश.

पहिली गोष्ट, आम्ल वर्ज्य. व्हिनेगर नाही, लिंबू नाही, बाथरूम साफ करायचं ॲसिड तर मुळीच नाही. पाठीवरचा चुना त्याने निघतो हे खरं, पण टाइलच्या मातीतही चुनाच आहे. आम्ल तिलाही खातं आणि झिलईच्या बारीक तड्यांतून आत शिरतं. ब्लीचही नको.

दुसरी, टाइलवर जुनी डागडुजी आहे का, ते यूव्हीखाली आधी बघून घ्या. असेल तर पाण्यात बुडवू नका, जोड सुटेल. छापील टाइल, झिलईचे पापुद्रे सुटलेली टाइल, यांनाही नुसता मऊ कोरडा कुंचला.

धड टाइल असेल तर प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल घाला, कोमट पाणी आणि भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाचे दोन थेंब. मऊ ब्रशने तोंड धुवा, कापसाच्या बोळ्याने पुसा. पाठीवरचा जुना चुना पाण्याने मऊ होतो. बांबूच्या किंवा लाकडी पट्टीने तो बाजूकडून, टाइलला समांतर हात ठेवून हळूहळू काढा. सगळा काढायची गरज नाही, टाइल सपाट बसली की थांबा. जुन्या टाइलवर कधीकाळी सिमेंट लावलं गेलं असेल तर तिथे हात थांबवा. सिमेंट टाइलपेक्षा कठीण असतं. ओढाल तर माती सिमेंटबरोबर येईल. ते काम वस्तुजतन करणाऱ्या जाणकाराचं.

पाठ घासताना सँडपेपर किंवा ग्राइंडर वापरू नका. झिलईत शिसं आहे, त्याची धूळ श्वासात जाता कामा नये. काम ओलं ठेवा, नंतर हात धुवा, आणि हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. जेवणाच्या वस्तू ठेवायला या टाइल्स वापरूच नका.

लोणा. टाइल वाळल्यावर कडेला किंवा तड्यांच्या बाजूने पांढरी पूड येत असेल, तर भिंतीतले क्षार मातीत मुरलेले आहेत. हेच क्षार ओलावा कमी-जास्त झाला की स्फटिक बनून झिलई आतून ढकलतात आणि एक दिवस पापुद्रा निघतो. उपाय म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात टाइल पूर्ण बुडवून ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं, दिवसेंदिवस. स्वस्तातला टीडीएस मीटर, जो आपल्याकडे पिण्याचं पाणी तपासायला मिळतो, तो पाण्यात धरा. बदललेल्या पाण्याचा आकडा एका दिवसानंतरही वाढेनासा झाला की क्षार निघाले. मग सावलीत, जाळीवर उभी करून सावकाश वाळवा. उन्हात नाही, हेअर ड्रायरने नाही.

तुटलेली टाइल जोडायची तर एपॉक्सी किंवा झटपट गोंद नको. पॅरॅलॉइड बी-७२ हे संग्रहालयांत वापरलं जाणारं चिकटद्रव्य ॲसिटोनने पुन्हा सुटतं. आज तुमचा जोड वाकडा बसला तर उद्या तो उघडता आला पाहिजे.

लावणं आणि ठेवणं

सिमेंटने भिंतीत बसवू नका. स्वयंपाकघरात ओट्यामागे जुन्या टाइल्स बसवायचा मोह पुष्कळांना होतो. तेल, वाफ आणि सिमेंटमधले क्षार मिळून त्यांची वाट लावतात आणि परत काढताना त्या फुटतात. खाच पाडलेली लाकडी चौकट, किंवा चार कोपऱ्यांना धरणारे पितळी काटे, दोन्ही ठीक. काट्यांना मऊ नळी घाला म्हणजे झिलई घासणार नाही. ताटं टांगायला मागे चिकटवायच्या चकत्या मिळतात, त्या भुसभुशीत पाठीला नकोत. चकती मातीचा थर घेऊन सुटते.

साठवताना टाइल्स एकीवर एक आडव्या रचू नका. फोम घातलेल्या खोक्यात उभ्या, मध्ये आम्लरहित कागद. पार्सल करतानाही तसंच: प्रत्येक टाइल वेगळी गुंडाळलेली, सगळ्या उभ्या, खोक्यात खोकं.

नोंद पहिल्या टाइलपासून ठेवा. पुढून, पाठीमागून आणि कडेवरून असे तीन फोटो, पट्टी शेजारी ठेवून. चारही बाजूंची मापं, जाडी, वजन, कुठून घेतली, किती पैसे, विक्रेत्याचं वर्णन जसंच्या तसं आणि त्याखाली तुमचं मत. विक्रेत्याचं आणि तुमचं मत एकाच ओळीत मिसळू नका. क्रमांक टाइलवर थेट पेनाने लिहायचा नाही. पाठीवर कोपऱ्यात पॅरॅलॉइडचा पातळ हात देऊन त्यावर लिहिला तर कधीही पुसता येतो.

भारतात आणताना

शंभर वर्षांवरच्या वस्तूंसाठी सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९७०६ हा स्वतंत्र क्रमांक आहे. बिलावर वस्तूचं नाव, अंदाजे काळ आणि किंमत स्पष्ट लिहून घ्या. शुल्काचे दर बदलत असतात, ते पाठवणीआधी बघा. बिल आणि आयातीचे कागद कायम जपा, कारण १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत आणि टाइल परत परदेशी न्यायची वेळ आली तर ती बाहेरूनच आली होती हे तुम्हालाच दाखवावं लागेल. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टाइल लावू नका. ओलाव्याच्या चढउतारात लोणा नव्याने जागा होतो. आतल्या, कोरड्या भिंतीवर, मागे हवा खेळेल अशी.

कथिलाच्या झिलईची परंपरा इथेच बघायची असेल तर पणजी गाठा. इन्स्टिट्यूट मेनेझेस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी केलेली निळी-पांढरी अझुलेजू, म्हणजे पोर्तुगीज टाइल्सची, भित्तिचित्रं आहेत, १९३५ची. ती पोर्तुगीज शाखा, आणि बरीच अलीकडची. पण पांढऱ्या झिलईवरचा निळा जवळून कसा दिसतो, ते तिथे निवांत बघता येतं.

मुंबईतलं प्रकरण निराळं. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या मिंटनच्या फरशा एकोणिसाव्या शतकातल्या, रंगीत माती भरून केलेल्या. त्यांत कथिलाची पांढरी झिलई नाही. चोर बाजारात 'जुनी इंग्लिश टाइल' म्हणून पुढे केल्या जातात त्या बहुतेक व्हिक्टोरियन काळातल्या किंवा त्यानंतरच्या, यंत्रात दाबलेल्या, उठावदार फुलांच्या असतात आणि त्यांतल्या पुष्कळ जपानी असतात. पाठ उलटून अक्षरं वाचा, सहा इंची आहे का मोजा, आणि भाव त्या टाइलच्या हिशेबाने करा.